सुचणं थांबलं की आधी काय तपासावं

प्रश्न असा आहे: "माझे दोन कथासंग्रह प्रसिद्ध झाले. दुसरा येऊन दीड वर्ष झालं, त्यानंतर एकही कथा पूर्ण झालेली नाही. रोज लिहायला बसतो, चार ओळी लिहितो आणि खोडतो. वाचायला घेतलं तर लक्ष लागत नाही. पूर्वी बसमध्ये, रांगेत, कुठेही काहीतरी सुचायचं. आता डोकं कोरं असतं. प्रेरणा परत कुठून आणायची? की माझ्याजवळ होतं तेवढं संपलं?"

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. संपलेलं नाही. केवळ धीर द्यायचा म्हणून हे म्हणत नाही. संपादनाच्या आणि लेखन शिकवण्याच्या कामात मी अनेक लेखकांचे असे कोरडे काळ जवळून पाहिले आहेत. ज्यांची ताकद खरोखर ओसरते त्यांना सहसा ते कळतच नाही. ते लिहीत राहतात, सराईतपणे, तेच ते, आणि खूश असतात. तुम्ही चार ओळी लिहून खोडता, याचा अर्थ तुमची पारख जागी आहे. थांबलं आहे ते दुसरंच काहीतरी. ते काय हे कळल्याशिवाय "फिरून या, वाचा, ध्यान करा" असा सरसकट सल्ला देणं मला पटत नाही. त्यातला एखादा उपाय लागू पडेलही, पण का पडला हे तुम्हाला कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावं लागेल.

दोन शक्यता आधी बाजूला काढू. पहिली थकव्याची. पुस्तक पुरं करताना मन किती खर्च होतं याचा अंदाज ते हातातून सुटेपर्यंत येत नाही. शेवटचं पुनर्लेखन, मुद्रितं तपासणं, प्रकाशन, मग लोकांच्या प्रतिक्रियांची वाट पाहणं, या सगळ्यानंतर काही महिने काहीच सुचलं नाही तर ते योग्यच आहे. पीक निघाल्यावर जमीन पड ठेवतात, तसा तो काळ. त्यात जबरदस्तीने नवं काही सुरू केलं की आधीच्याच पुस्तकाची फिकी आवृत्ती हाती येते. पण दीड वर्ष हा निव्वळ थकव्यासाठी फार मोठा काळ आहे. म्हणून एक विचारते, उत्तर मला नको, स्वतःला द्या. लेखनाबरोबर बाकीच्या गोष्टींचीही गोडी गेली आहे का? झोप बिघडली आहे, माणसं नकोशी वाटतात, कशातच जीव रमत नाही, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर हा लेखनाचा प्रश्न राहत नाही. सरळ डॉक्टरांकडे जा. लेखकाच्या दुःखाला साहित्याच्या जगात नको तेवढा मान आहे. त्या मानापायी नैराश्यावरचे उपचार लांबवणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यात त्यांचं लेखन वाढलेलं मला कधी दिसलं नाही.

दुसरी शक्यता, एकाच कथेत अडकून पडणं. ती तुमच्या बाबतीत दिसत नाही, तरी थोडक्यात सांगते. एखादं विशिष्ट लेखन अडलं असेल तर जिथे अडलं तिथे दोष क्वचितच असतो. तो काही पानं मागे असतो. पात्राला आपण असं काहीतरी करायला लावलेलं असतं जे त्याने केलं नसतं, किंवा निवेदन चुकीच्या माणसाच्या तोंडी दिलेलं असतं. मागे जाऊन ते वळण बदललं की पुढचा रस्ता बहुधा आपोआप दिसतो. त्यासाठी प्रेरणेची वाट पाहण्याची गरज नसते.

आता मूळ मुद्दा. अकराव्या शतकात मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रज्ञाने 'काव्यप्रकाशा'त काव्य कशामुळे निर्माण होतं हे सांगताना तीन गोष्टी मांडल्या: शक्ती, निपुणता आणि अभ्यास. शक्ती म्हणजे जन्मजात प्रतिभा. निपुणता येते ती लोक, शास्त्र आणि काव्य यांच्या अवेक्षणातून. म्हणजे माणसांचं वागणं, ज्ञानाच्या निरनिराळ्या शाखा आणि आधीच्यांनी लिहिलेलं, हे सगळं बारकाईने पाहत राहण्यातून. अभ्यास म्हणजे जाणकारांकडून शिकत पुन्हा पुन्हा लिहिणं. या तिन्ही मिळून एकच कारण होतं, सुटी सुटी तीन कारणं नव्हेत, असंही त्याने बजावलं आहे. मला हे विवेचन रोजच्या वापराचं वाटतं. लिहिणारा अडला की तो ताबडतोब पहिल्या गोष्टीवर संशय घेतो: माझी प्रतिभा गेली. बंद पडलेली असते ती जवळजवळ प्रत्येक वेळी दुसरी. पाहणं थांबलेलं असतं.

तुमच्यासारख्या लेखकाच्या बाबतीत ते थांबतं कसं, हेही सांगते. पहिली एकदोन पुस्तकं माणूस साठ्यावर लिहितो. लहानपण, घर, शाळा, पहिली नोकरी, पहिला अपमान, जवळच्या माणसाचं आजारपण, हे सगळं त्याने लेखक होण्याआधी, काहीही हेतू न ठेवता गोळा केलेलं असतं. वीस-पंचवीस वर्षांची ती जमा दोन पुस्तकांत खर्च होते. लेखकाला वाटतं आपल्याला 'सुचत' होतं. खरं तर त्याला आठवत होतं. तिसरं पुस्तक हे जाणीवपूर्वक जमा करून लिहायचं पहिलं पुस्तक असतं आणि ती सवय तर कधी लागलेलीच नसते. त्यातच पुस्तक आल्यावर लक्षाची दिशा बदलते. कुणी काय म्हटलं, कुठे परीक्षण आलं, पुढे काय लिहिताय असं कोण विचारतं, इकडे कान लागतात. आपल्याकडे पाहिलं जाऊ लागलं की आपलं पाहणं कमी होतं. यात तुमचा दोष नाही, पण हे ओळखावं लागतं.

म्हणून सुरुवात लोकापासून करा, म्हणजे माणसांपासून. रशियन कथाकार चेखवचं उदाहरण इथे नुसतं प्रेरणादायी म्हणून नव्हे, कृती म्हणून उपयोगी आहे. १८८८ साली त्याला पुश्किन पुरस्कार हा साहित्यातला मानाचा पुरस्कार मिळाला, १८८९ मध्ये भाऊ निकोलाय वारला, आणि चेखव स्वतःच्या लेखनाबद्दल पुरता असमाधानी झाला. १८९० मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो सायबेरिया ओलांडून सखालिन बेटावर गेला. रशियन साम्राज्याची ती कैद्यांची वसाहत होती. तिथे तो सुमारे तीन महिने राहिला. प्रश्न छापलेली कार्डं घेऊन तो झोपडीझोपडीत जायचा आणि प्रत्येक माणसाचं नाव, वय, गाव, धंदा, लिहिता-वाचता येतं का, असं सगळं स्वतःच्या हाताने भरायचा. अशी हजारो कार्डं त्याने भरली. कथेसाठी कच्चा माल गोळा करायचा म्हणून तो गेला नव्हता आणि त्या प्रवासातून थेट निघालं ते वस्तुस्थितीचं वर्णन करणारं पुस्तकच. पण परतल्यावर, १८९२ मध्ये, त्याने लिहिलेली 'वॉर्ड नंबर सहा' ही कथा वाचताना बंदिस्त माणसांना इतक्या जवळून पाहिलेला लेखकच हे लिहू शकतो, असं मला दर वेळी वाटतं.

यावरून दूरच्या प्रवासाला निघण्याचा निष्कर्ष काढू नका. नवी जागा डोळ्यांना काही दिवस जागं ठेवते, मग तिचीही सवय होते. सखालिनमध्ये महत्त्वाची होती ती कार्डं. एका माणसासमोर बसायचं, त्याला साधे प्रश्न विचारायचे, त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत टिपायचं आणि मग पुढच्या माणसाकडे जायचं. स्वतःचं मन त्या वेळी मध्ये येत नाही. कोरड्या काळात लेखकाला सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट त्याचं स्वतःचं मनच असतं. त्यापासून काही वेळ सुटका मिळणं हा अर्धा उपचार आहे.

तुम्ही एवढंच करा. एक टिपणवही ठेवा आणि तिच्यात रोज चार-पाच ओळी लिहा. पाहिलेलं आणि ऐकलेलंच लिहायचं. मत नको, उपमा नको, 'मला वाटलं' नको. सुरुवातीला हे फार रूक्ष वाटेल. "म्हातारा उदास बसला होता" ही टीप निरुपयोगी आहे, कारण उदास हा तुमचा निष्कर्ष आहे आणि वर्षभराने त्यातून काहीच उगवणार नाही. "म्हाताऱ्याच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, फोन वाजला की आधी चष्मा शोधून लावतो, मग फोन उचलतो, तोवर तो बंद होतो" ही टीप जिवंत आहे. तिच्यात माणूस आहे, त्याला फोन करणारं कुणीतरी आहे, आणि ते कुणीतरी फार वेळ थांबत नाही हेही आहे. तुम्ही कथा शोधलेली नाही. तुम्ही फक्त नीट पाहिलंत.

बोलण्याच्या टिपा वेगळ्या पानावर ठेवा. माणसं वाक्यं पूर्ण करत नाहीत, प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देतात, महत्त्वाचं बोलायचं असलं की विषय बदलतात. हे कानाने पकडायचं असतं, ते कल्पनेने येत नाही. ओळखीच्या माणसांना त्यांच्या कामाबद्दल विचारा. परिचारिका, वायरमन, लेखापाल, शिवणकाम करणारी बाई, कुणीही चालेल. "कसं चाललंय?" असं विचारलं तर "बरं चाललंय" एवढंच ऐकायला मिळतं. त्यापेक्षा "चुकलं तर पहिल्यांदा कशावरून कळतं?" किंवा "नवख्या माणसाला काय जमत नाही?" असं विचारा. माणूस खुलतो, हात हलवून दाखवतो, त्याच्या धंद्यातले नेमके शब्द वापरतो. एका माणसाच्या अशा अर्ध्या तासाच्या बोलण्यात मला जितकं लेखनाचं द्रव्य मिळालेलं आहे तितकं लेखनाविषयीच्या पुस्तकांतून मिळालेलं नाही.

टिपा लगेच वापरायची घाई मात्र करू नका. १५ एप्रिल १८०२ रोजी इंग्रज कवी वर्ड्सवर्थ आणि त्याची बहीण डोरोथी यांना तळ्याकाठी डॅफोडिलच्या फुलांचा लांबच लांब पट्टा दिसला. डोरोथीने तो रोजनिशीत उतरवला: काही फुलं दगडांवर डोकं टेकून विसावलेली, बाकीची वाऱ्यात डोलणारी, नाचणारी. वर्ड्सवर्थची प्रसिद्ध कविता त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी लिहिली गेली आणि १८०७ मध्ये छापून आली. कवितेत तो एकटा आहे, प्रत्यक्षात बहीण बरोबर होती. त्या कवितेतल्या सगळ्यात चांगल्या दोन ओळी पत्नी मेरीच्या आहेत, असं त्याने स्वतःच सांगून ठेवलं आहे. ज्याला आपण एका माणसाची प्रेरणा म्हणतो तिच्यात बहिणीची टीप, दोन वर्षांचं मुरणं आणि बायकोची भर, इतकं सगळं होतं. तुमच्या वहीतली आजची ओळ कुठल्या साली कामाला येईल हे तुम्ही ठरवू शकत नाही. ती वहीत असणं एवढंच तुमच्या हाती आहे.

शास्त्राबद्दल फार बोलत नाही. साहित्याबाहेरचा एक विषय धरा आणि तो खरोखर शिका, वरवर नको. कादंबरीकार व्लादिमीर नाबोकोव्ह १९४०च्या दशकात हार्वर्डच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात फुलपाखरांवर काम करत होता. निळ्या फुलपाखरांचा एक गट आशियातून अमेरिकेत लाटालाटांनी आला असावा, असा अंदाज त्याने १९४५ मध्ये मांडला. २०११ मध्ये डीएनएच्या अभ्यासातून तो बरोबर ठरला. तुम्हाला इतकं खोल जाण्याची गरज नाही. पण पक्षी, खगोल, जुनी यंत्रं, कायद्याचा इतिहास, काहीही नीट शिकताना दोन गोष्टी होतात. वस्तूंना नेमकी नावं असतात हे पुन्हा जाणवतं. आणि जिथे आपण नवशिके आहोत अशी एखादी जागा आयुष्यात तयार होते. दोन पुस्तकांच्या लेखकाला नवशिकेपण दुर्मीळ झालेलं असतं.

आता वाचनाकडे येते. लक्ष लागत नाही म्हणता, त्याचं एक कारण असं असू शकतं की तुम्ही समकालीन कथाच वाचायला घेत असाल. अडलेल्या लेखकाला आपल्याच प्रकारातलं वाचन बोचतं. प्रत्येक पानावर तुलना सुरू होते. काही काळ कथा बाजूला ठेवा. प्रवासवर्णनं, पत्रं, न्यायालयातल्या जबान्या, वैद्यकातल्या नोंदी, विज्ञान, जुने कोश वाचा. इंग्रज कवी कोलरिजने 'एन्शंट मरिनर' ही एका खलाशाची दीर्घ कविता लिहिली तेव्हा त्याने स्वतः लांबचा समुद्रप्रवास केलेला नव्हता. त्याने जुन्या दर्यावर्दींची वर्णनं आणि निसर्गविज्ञानाची पुस्तकं अधाशासारखी वाचली होती आणि टिपणं ठेवली होती. जॉन लिव्हिंगस्टन लोवेस या प्राध्यापकाने १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्या टिपणांचा माग काढत कवितेतल्या प्रतिमा कुठकुठल्या पुस्तकांतून आल्या ते दाखवलं. बर्फ, समुद्रातले चमकणारे प्राणी, आकाशातले विचित्र उजेड, सगळं कुठे ना कुठे वाचलेलं होतं. कवितेत ते एकमेकांत मिसळून ओळखू न येण्याइतकं बदललेलं आहे. वाचताना कोलरिजला ते कधी उपयोगी पडेल हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. असं वाचन करा, उपयोगाचा हिशोब न ठेवता.

आणि एक जुना उपाय आहे, तो मी जवळजवळ प्रत्येकाला सांगते. तुम्हाला मनापासून आवडणाऱ्या लेखकाची दोन पानं रोज हाताने उतरवून काढा. डोळा जिथून घसरत जातो तिथे हात थांबतो. वाक्य कुठे तोडलं आहे, क्रियापद कुठे ठेवलं आहे, काय सांगायचं टाळलं आहे, हे उतरवताना बोटांना कळतं. दुसरी भाषा येत असेल तर एखाद्या कथेचा अनुवाद सुरू करा. अनुवादात 'काय लिहू?' हा प्रश्न नसतो, 'कसं लिहू?' एवढाच असतो. अडलेल्या माणसासाठी ही मोठी सवलत आहे. हात चालू राहतो, भाषा गंजत नाही, आणि दुसऱ्याच्या घडणीत राहून आल्यावर स्वतःच्या सवयी परक्या वाटू लागतात, हे तर फारच चांगलं.

बसमध्ये आणि रांगेत सुचायचं, असं तुम्ही लिहिलं आहे. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला ते वाटलं. आता बसमध्ये आणि रांगेत तुम्ही काय करता? बहुतेक फोन पाहत असाल. गणिती आन्री प्वांकारे १८८०च्या सुमारास एका प्रश्नावर पंधरा दिवस झटत होता. पुढे तो भूशास्त्राच्या सहलीला गेला, प्रश्न विसरून गेला, आणि कुतांस गावी घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी त्याच कामातली एक कळीची कल्पना समोर उभी राहिली. १९०८ मध्ये त्याने हे सविस्तर सांगितलं. १९२६ मध्ये ग्रॅहम वॉलास या इंग्रज अभ्यासकाने अशा अनुभवांवरून निर्मितीचे चार टप्पे मांडले: तयारी, मुरणं, उजळणं आणि तपासणं. लोकांच्या लक्षात पायरीवरचा क्षण राहतो, आधीचे पंधरा दिवस विसरले जातात. तयारी नसेल तर मुरायला काहीच नसतं. पण तयारी असूनही मुरायला जागा नसेल तर उजळणं होत नाही, आणि ती जागा म्हणजे नेमकी बस, रांग, अंघोळ, भांडी घासणं. हात गुंतलेले आणि डोकं मोकळं, असे ते क्षण होते. ते आता दुसऱ्यांच्या शब्दांनी भरून जातात.

म्हणून रोज एक वेळ ठरवून चाला, फोन घरी ठेवून, कानात काही न घालता. चालण्याचा परिणाम तपासणारे प्रयोग २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या दोन संशोधकांनी प्रसिद्ध केले. चालताना लोकांना नव्या कल्पना बसलेल्या वेळेपेक्षा जास्त सुचल्या. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालतानाही सुचल्या आणि नंतर बसल्यावरही काही काळ तो परिणाम टिकला. म्हणजे सुंदर निसर्ग हवाच असं नाही. मात्र ज्या प्रश्नांना एकच नेमकं उत्तर असतं त्यांत चालण्याने मदत झाली नाही, उलट कामगिरी थोडी घसरली. लेखकासाठी याचा अर्थ सरळ आहे. शोधायचं असेल तेव्हा चाला, दुरुस्त करायचं असेल तेव्हा बसा.

आता अभ्यासाचा भाग, म्हणजे बसून लिहिण्याचा. प्रेरणा आली की लिहू, हा क्रम बहुतेकांच्या मनात पक्का असतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी १९८३ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात प्राध्यापकांचे गट केले होते. एका गटाने अगदी निकडीचं सोडून लिहायचंच नव्हतं, दुसऱ्याने मन होईल तेव्हा लिहायचं होतं, तिसऱ्याने ठरलेल्या वेळी लिहायचंच होतं, नाहीतर भुर्दंड. सगळ्यांत जास्त पानं तिसऱ्या गटाची झाली यात नवल नाही. पण नव्या कल्पनाही त्यांनाच सर्वाधिक सुचल्या, आणि न लिहिणाऱ्यांना सर्वांत कमी. प्रयोग लहान होता आणि ते कथाकार नव्हते, हे लक्षात ठेवूनही मी तो महत्त्वाचा मानते, कारण लिहिणाऱ्यांकडून मला हेच ऐकायला मिळतं: बसल्यावर सुचतं.

तुमच्या बसण्यात गडबड एवढीच आहे की तुम्ही लिहिणं आणि खोडणं एकाच बैठकीत करता. राजशेखर या संस्कृत कवीने दहाव्या शतकाच्या सुमारास 'काव्यमीमांसे'त कवीची दिनचर्या दिली आहे. दिवसाचा पहिला प्रहर विद्यांच्या अध्ययनाला, दुसरा रचनेला, तिसरा काव्यगोष्ठीला, म्हणजे काव्यावरच्या चर्चेला, आणि सकाळी रचलेल्याची परीक्षा चौथ्या प्रहरात. रचना आणि परीक्षा यांच्यामध्ये त्याने जेवण आणि मित्रांच्या गप्पा ठेवल्या आहेत. दिवसाच्या चार प्रहरांतला एकच प्रहर रचनेसाठी आहे, हेही पाहा. तुम्ही सध्या अध्ययन आणि गोष्ठी वगळून रचना आणि परीक्षा एकमेकींवर आदळत आहात. तेव्हा निदान काही आठवडे, आज लिहिलेलं आज खोडायचं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वही मिटायची.

वेळ लहान ठेवा, अर्धा तास पुरे. शब्दसंख्येचं लक्ष्य ठेवू नका, आटलेल्या माणसाला ते रोज नापास करतं. रहस्यकथाकार रेमंड चँडलरचा नियम यासाठी उत्तम आहे: ठरलेल्या वेळात लिहिलंच पाहिजे असं नाही, पण दुसरं काहीही करायचं नाही. खिडकीबाहेर पाहिलं तरी चालेल. वाचायचं नाही, पत्रं लिहायची नाहीत, टेबल आवरायचं नाही. कंटाळा लवकरच लिहिण्यापेक्षा जड होतो. पुढे लेखन सुरू झालं की हेमिंग्वेने १९३५ मध्ये एका तरुण लेखकाला दिलेला सल्ला पाळा: पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच त्या दिवसाचं काम थांबवा. उद्या कोऱ्या पानासमोर बसावं लागत नाही.

अर्ध्या तासात काय लिहायचं, असा प्रश्न पडला तर एखादी अट घालून घ्या. एकही विशेषण न वापरता एक खोली. फक्त संवाद, 'म्हणाला' शब्द न वापरता. तीच घटना तिथल्या सगळ्यात कमी महत्त्वाच्या माणसाकडून. फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेकने १९६९ मध्ये 'e' हे अक्षर टाळून फ्रेंचमध्ये अख्खी कादंबरी लिहिली. तेवढं टोक नको, पण अट असली की मन 'मी चांगला लेखक आहे का?' हा प्रश्न सोडून अट पाळण्यामागे लागतं आणि त्या गडबडीत काहीतरी खरं निसटून पानावर येतं.

सोबतीबद्दल एक सांगते. दोन-तीन लिहिणारी माणसं नियमित भेटत असतील तर ती भेट सोडू नका. कोरड्या काळात नेमकी तीच पहिली तुटते, कारण दाखवायला काही नसल्याची लाज वाटते. रिकाम्या हाताने जा, दुसऱ्याचं ऐका. मात्र मनात काही आकार घेत असेल तर त्याची गोष्ट तोंडी सांगू नका. सांगून झालेली कथा लिहावीशी वाटत नाही. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे मिळवायचं ते मिळून गेलेलं असतं.

तेव्हा सध्या कथा लिहायचा प्रयत्नच थांबवा. पुढचा महिना टिपणवही, चालणं, रोजचा अर्धा तास आणि परक्या विषयाचं वाचन, एवढंच. अर्धवट कथांची फाइल उघडू नका. महिन्याने ती काढा आणि फक्त वाचा, दुरुस्तीचं पेन हातात न घेता. काही ओळी तुम्हाला अजून धरून ठेवतील. त्या टिपणवहीत उतरवून घ्या, बाकीचं राहू द्या. टिपणं वाढत जातील तशी ती कधीमधी मागून पुढे चाळा. वेगवेगळ्या महिन्यांतल्या दोन नोंदी एकमेकींकडे ओढल्या जातात का, एवढंच पाहायचं. दोरा बांधलेला चष्मा आणि कुठेतरी ऐकलेलं अर्धं वाक्य शेजारी ठेवल्यावर काहीतरी हलतं. ते हललं नाही तरी हरकत नाही, वही चालू ठेवा.

सुरुवात कशी होईल, तेही सांगून ठेवते, म्हणजे ओळखता येईल. फार मोठं काही होत नाही. एक दिवस टीप चार-पाच ओळींत संपायला नकार देते. तुम्ही पाहिलेलं लिहीत असता आणि न पाहिलेलं एक वाक्य मध्येच येतं. त्या दिवशी नियम मोडा, तिला जायचं तिथे जाऊ द्या. तिला कथा म्हणू नका, शीर्षक देऊ नका, कुणाला दाखवू नका. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बसा आणि आदल्या दिवशीचं शेवटचं वाक्य पुन्हा हाताने लिहून तिथून पुढे जा.